मटण ठरलेलं असतं

ईस्टरच्या जेवणात मटण असणार का, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. किती किलो आणायचं, खाटकाला कधी सांगून ठेवायचं आणि रस्सा कोण टाकणार, एवढंच बोलणं होतं आणि ते पाच मिनिटांत संपतं. खरी बैठक भरते ती मटणाच्या भोवती काय वाढायचं यासाठी. चटणी कसली, कोशिंबीर कसली, भाजी कोरडी की रश्शाची, भात साधा की जिऱ्याचा. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात माझी आत्या राहते. कुटुंबातली पंचवीसेक माणसं तिच्याकडे जेवायला जमतात आणि ही बैठकही तिच्याच स्वयंपाकघरात बसते.

२०२५ साली ती झावळ्यांच्या रविवारी, १३ एप्रिलला बसली. सकाळची उपासना झाली होती. मुलांनी चर्चमधून आणलेल्या झावळ्या फ्रिजवर ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती, त्यामुळे रस्ताभर निळ्या पताका लागलेल्या आणि कुठूनतरी ढोलाचा सराव ऐकू येत होता. आत्या वही घेऊन बसली, दोन्ही सुना समोर, मी भाजी निवडायच्या निमित्ताने शेजारी. जो तो पदार्थ सुचवत होता आणि आत्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती, “ह्याचं काम काय?”

तिचा हिशेब सरळ आहे. मटण तिखट, तेलकट आणि जड असतं. त्याला जे जमत नाही ते बाजूच्या पदार्थाने करायचं. एकाने आंबट व्हायचं, एकाने थंड, एकाने कुरकुरीत. एकाने मटण न खाणाऱ्याचं पोट भरायचं आणि एकाने डब्यातून शेजारी जाऊनही चांगलं राहायचं. दोन पदार्थ एकच काम करत असतील, तर त्यातला एक वहीतून जातो.

पहिला गेला दालचा. मोठ्या सुनेचं माहेर शहागंजच्या बाजूचं, तिला तो मनापासून आवडतो. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि या शहराच्या जिभेवर तो काळ अजून आहे. लग्नाच्या पंगतीत दालचा असतो, बगारा बैंगन असतं. नान खलिया तर शहराची ओळखच. त्याचा संबंध लोक थेट मुहंमद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली त्या काळाशी जोडतात. आत्याकडेही चपात्यांच्या जोडीला जुन्या शहरातल्या भट्टीवरून पिवळसर नान येतात. पण नान बुडवायला रस्सा आहेच. दालच्याने तेच काम पुन्हा करायचं, म्हणून त्याच्यावर काट.

दुसरी गेली पालेभाजी, आणि ती चवीमुळे नाही. जायकवाडीचं पाणी शहरापर्यंत येतं, पण नळाला रोज येत नाही. मध्ये किती दिवस जातील ते वसाहतीवर अवलंबून. पंचवीस माणसांची मेथी किंवा पालक तीन-चार पाण्यांतून काढायचा म्हणजे एक मोठं पातेलं पाणी नुसतं माती धुण्यात जातं. सणाच्या दिवशी भांडीही जास्त पडतात. संभाजीनगरच्या गृहिणीला एप्रिलमध्ये पदार्थ निवडताना पिंपातलं पाणी आधी बघावं लागतं.

तिसरं गेलं मेयोनीजचं सॅलड. धाकटी सून चिकलठाण्यातल्या कंपनीत नोकरी करते. तिथल्या पार्टीत तिने ते खाल्लं होतं. “चाळीस डिग्रीत ते दोन तास टेबलावर ठेवशील का?” एवढंच आत्या म्हणाली. धाकटीने स्वतःच ते खोडलं.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून ही यादी एकदा करून भिंतीला चिकटवता येत नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा चर्चच्या पंचांगाचा नियम. त्यामुळे सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडतो. मराठवाड्यात या पाच आठवड्यांत बाजार पार बदलतो. मार्चअखेरीस हरभऱ्याचे गड्डे, मेथी, गाजरं यांची शेवटची आवक असते, रात्री गार असतात आणि दही आंबायला वेळ घेतं. एप्रिलच्या मध्यावर पालेभाज्या कोमेजलेल्या आणि महाग, पण कैरी भरपूर, काकडी स्वस्त आणि नवा उन्हाळ कांदा ढिगांनी आलेला. इंग्लंडात ईस्टरच्या कोकराबरोबर पुदिन्याचा सॉस आणि नवे बटाटे येतात. तिथल्या वसंतात जे उगवतं ते ताटात येतं. आपल्याकडचा वसंत चैत्राचा, आणि चैत्राचं तोंडी लावणं कैरी. शेजारच्या घरी हळदीकुंकवाला वाटली डाळ आणि पन्हं असतं. त्याच झाडाची कैरी आत्याच्या घरी मटणाशेजारी बसते.

माणसांचा हिशेब त्याहून अवघड. या शहरातल्या मराठी ख्रिस्ती घरांची मुळं बहुधा दुसरीकडे असतात. कुणाची अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांत, जिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. कुणाची जालन्याजवळच्या बेथेलला, नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या वस्तीत. इथे संभाजीनगरातही १८६० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीतर्फे रतनजी नौरोजी हे मूळचे पारशी धर्मोपदेशक काम करू लागले होते. पुढे शाळा, दवाखाने, छावणी आणि मग वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने यांच्यामागून घरं शहरात आली. त्यामुळे आत्याच्या टेबलाभोवती गावाकडची भाकरी-ठेच्याची माणसं असतात, जुन्या शहराची नान-खलियाची असतात आणि मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, जेवणानंतर कस्टर्ड लागणारीही असतात. मोठ्या सुनेचे वडील तर माळकरी आहेत. ते आणि विहीणबाई दरवर्षी न चुकता येतात, पण मटणाची पळी दुसऱ्या भांड्याला लागलेली त्यांना चालत नाही.

म्हणून वहीत सगळ्यात आधी पक्कं होतं ते येसराची आमटी आणि भरली वांगी. येसर हे मराठवाड्याचं खास पीठ. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ असं धान्य धने-जिऱ्यासारख्या मसाल्यांबरोबर खमंग भाजून दळतात. लग्नघरात ते आधीच करून ठेवायची पद्धत. पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की डाळ शिजायच्या आतच दाटसर आमटी होते. बाकीच्यांना ती भातावर वाटीभर पुरते, व्याह्यांना तीच जेवण. वांग्याचंही तसंच. मटण खाणाऱ्याच्या ताटात ते एखादं असतं, व्याह्यांच्या ताटात चार. आत्या या दोन पदार्थांना कांदा-लसूण लावत नाही. तीळ, दाणे, सुकं खोबरं, चिंच आणि गूळ एवढ्यावर वांगी भरते आणि दोन्ही भांडी मटण चुलीवर चढण्याआधी उतरवून वेगळ्या ओट्यावर झाकून ठेवते.

बाजार गुरुवारी. छावणीचा आठवडी बाजार गुरुवारीच भरतो आणि ईस्टरच्या आधीचा गुरुवार हा प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा दिवस. संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजनाची उपासना, त्याआधी उन्हं कलताना बाजार. आत्या आधी कैरीकडे जाते. हाताने दाबून बघते, देठाशी चीक आहे का बघते आणि एखादी फोडून दाखवायला लावते. बाठ कडक झालेली हवी, गर पांढरा हवा. पिवळी झाक आली की तिच्या दृष्टीने ती चटणीची राहिली नाही. वांगी लहान, काटेरी देठाची, वजनाला हलकी, कारण जड वांग्यात बिया असतात. काकडीचा तुकडा तिथेच चाखते. बाजारवाला वैतागला तर म्हणते, “कडू निघाली तर माझी पंचवीस माणसं उठतील का तुझी?”

शुक्रवारी स्वयंपाकघर बंद. चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात वचनांवर मनन असतं. तीनपर्यंत मोठ्यांचा उपास, नंतर पिठलं-भाकरी. राखेच्या बुधवारपासून आतोबा मटणाला शिवत नाहीत. आत्याचं तसं काही नाही, पण त्यांच्यासाठी वेगळं करण्यापेक्षा ती सगळ्यांनाच भाजीवर ठेवते. एवढ्या आठवड्यांनी येणारं मटण म्हणून बाजूचे पदार्थ त्याच्या आड येऊ नयेत, याकडे तिचं लक्ष असतं.

शनिवार कोरड्या कामांचा. दाणे आणि तीळ मंद आचेवर वेगवेगळे भाजायचे, कारण तीळ आधी तडतडून जळतात. खोबरं किसून भाजायचं. कुरडया तळायच्या. मुंबईच्या दमट हवेत तळलेली कुरडई तासाभरात मऊ पडते. इथे एप्रिलच्या कोरड्या हवेत ती डब्यात दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत राहते. त्यामुळे कुरकुरीतपणाचं काम आदल्या दिवशीच उरकता येतं आणि रविवारी एक शेगडी मोकळी होते.

दह्याचा अंदाज सगळ्यात नाजूक. रात्री विरजण लावलं तर या उकाड्यात दुपारपर्यंत ते आंबट होतं, आणि आंबटाचं काम तर कैरीला दिलेलं. म्हणून आत्या ईस्टरच्या पहाटे, दफनभूमीतल्या प्रार्थनेला निघण्यापूर्वी कोमट दुधाला विरजण लावते. घरची माणसं आपल्या आप्तांच्या कबरींवर फुलं ठेवून, मेणबत्त्या लावून परत येतात, मग मोठ्या उपासनेला जातात. ती सुटेपर्यंत दही लागलेलं असतं, गोड आणि घट्ट. ते लगेच फ्रिजमध्ये.

कोशिंबिरीचीही वेळ ठरलेली. काकडी चोचवून झाकून ठेवायची. मीठ आणि दाण्याचा कूट मात्र पानं मांडताना, कारण मीठ लागलं की काकडी पाणी सोडते आणि कूट ते पिऊन फुगतो. वरून मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. यात दही घालावं असं आतोबांचं मत होतं. मागणी फेटाळली गेली. दही वेगळ्या वाटीत, ज्याला तिखट लागेल त्याने घ्यावं.

टक्कू सगळ्यात शेवटी. कैरी आणि कांदा किसून, तिखट, मीठ, गूळ घालून वर तेलाची फोडणी. कैरीपेक्षा कांदा थोडा कमी, नाहीतर त्याचाच उग्रपणा वर येतो. यात कांदा आला, म्हणून व्याह्यांसाठी नुसत्या कैरीची वाटी आधी बाजूला काढलेली. गावाकडून आलेल्या चुलत आजोबांना ठेचा लागतोच. मिरच्या, लसूण, दाणे तव्यावर परतून खलबत्त्यात जाडसर कुटले की झाला. तो वहीत नव्हता, पण त्याच्याशी कुणी वाद घालत नाही.

जेवण दीडच्या सुमारास बसलं. प्रार्थना झाली आणि वाढप सुरू झालं. मी मुद्दाम ताटांकडे बघत होते. मुलांनी नान आणि कुरडई आधी उचलली. मोठ्यांचा पहिला घास रश्शाचा होता आणि दुसऱ्या घासाआधी जवळजवळ प्रत्येकाचं बोट टक्कूकडे गेलं. मटण दुसऱ्यांदा वाढताना कोशिंबिरीचं पातेलं रिकामं झालं होतं. व्याह्यांनी भाकरी येसरात कुस्करली आणि तीनदा आमटी मागितली. शेवटी मटण खाणाऱ्यांनाही ती हवी झाली. गोडाला गुलमंडीवरची इमरती होती आणि बोर्डिंगवाल्यांसाठी द्राक्षं-चिकू घातलेलं कस्टर्ड. या दोन्हींचं काम काय, असा प्रश्न आत्या विचारत नाही. गोडाला काम नसतं, ती म्हणाली, गोड हा सण असतो.

मग डबे भरायचे होते. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला होता, ऐन रमजानात. तेव्हा शेजारच्या मुस्लिम घरी दुपारी डबा नेता आला नव्हता. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला तो पोचवायचा होता. म्हणून त्या वर्षी सहा तास टिकतील अशी वांगी वाढीव केली होती आणि कोशिंबीर डब्यात घातलीच नव्हती. २०२५ ला ईद ३१ मार्चलाच होऊन गेली होती, त्यामुळे डबे तीन वाजता गरम गरम गेले, टक्कूसकट. त्या घरातून ईदच्या शीरखुर्म्याचं भांडं आमच्याकडे राहिलं होतं, तेच भरून परत पाठवलं.

भांडी घासून झाल्यावर आत्याने वही पुन्हा उघडली. काय उरलं ते ती त्याच दिवशी लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी भांडण कमी होतं. थोडा भात उरला होता, दही जवळजवळ संपलं होतं, टक्कूचा तळही दिसत होता. मग ती पुढच्या तारखा काढत बसली. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला, तेव्हा कैरी मिळेल. २०२७ चा मात्र २८ मार्चला. इतक्या लवकर कैरी आली तरी लहान आणि महाग असणार.

“तेव्हा चिंचेची चटणी करू,” आत्या म्हणाली.

धाकटी सून ओटा पुसत होती. तिने मान वर न करताच उत्तर दिलं, “चिंच वांग्यात आहे ना, मम्मी. दोघींना एकच काम कशाला? लिंबाचं काहीतरी बघू.”

आत्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि वहीत लिंबू लिहिलं.