गडगे, दगडी

चुना, माती वा सिमेंट यांसारखे बंधक द्रव्य न वापरता केवळ दगडांवर दगड रचून उभारलेल्या हद्दीच्या वा कुंपणाच्या बुटक्या भिंती. कोकणात अशा भिंतीस ‘गडगा’ म्हणतात. गुरांपासून पिकाचे संरक्षण करणे, हद्द दाखविणे आणि जमीन साफ करताना निघालेले दगड एका बाजूस लावणे, हे तिन्ही हेतू तिच्यामुळे साधतात. शेते ओस पडली, तरी गडग्यांचे अवशेष टिकतात. म्हणून भूमिवापराच्या इतिहासाचे ते एक साधन ठरतात.

आंबोली (ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग) हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर सु. ६९० मी. उंचीवर आहे. येथील पठारांवर बेसाल्टवर जांभ्याचे कवच असून अशा उघड्या कातळाच्या पठारास ‘सडा’ म्हणतात. वार्षिक पर्जन्य सु. ७०० सेंमी. असल्याने कोरडी रचना येथे विशेष सोयीची ठरते. पाणी फटींतून निघून जाते व भिंतीमागे त्याचा दाब साचत नाही.

आंबोली, गेळे व चौकुळ या गावांत सावंतवाडी संस्थानच्या काळापासून ‘कबुलायतदार गावकर’ ही जमिनीच्या सामाईक धारणेची पद्धत चालत आली आणि वाटपाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. अशा जमिनीत कोणता तुकडा कोणे काळी लागवडीखाली होता, हे गडग्यांवरून उमगू शकते. मात्र गडगा ही वहिवाटीची खूण होय. केवळ तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही.

पाहणीची पद्धत : गवत वाळल्यानंतर, पावसाळ्यापूर्वी पाहणी करणे सोयीचे असते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बुजलेले बांधही सावलीमुळे उठून दिसतात. प्रथम मोजणीचे नकाशे व हवाई छायाचित्रे यांवरून रेषा हेरतात. नंतर पायी फिरून प्रत्येक गडग्याची लांबी, उंची व पायाची रुंदी नोंदवितात. पूर्वी साखळी व समतल फलक वापरीत. आता उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व ड्रोन यांचाही उपयोग होतो. पाया कातळावर आहे की मातीवर, दगड वेचलेले आहेत की टाकीने घडविलेले चिरे आहेत, बेड्यासाठी (आडव्या दांड्यांच्या फाटकासाठी) वाट ठेवली होती काय, हेही पाहतात.

कालनिर्णयात सांधे सर्वांत उपयुक्त असतात. एक गडगा दुसऱ्यास नुसता टेकलेला असेल, तर टेकलेला गडगा नंतरचा. दोहोंचे दगड परस्परांत गुंतलेले असतील, तर ते बहुधा एकाच वेळचे. मोजणीच्या हद्दीस छेदून जाणारा गडगा मोजणीपूर्वीचा असण्याचा संभव असतो. गावातील वृद्धांची माहिती व शेतांची नावे यांचा पडताळा घेणे आवश्यक असते. इंग्लंडमधील डार्टमूर येथील ‘रीव्ह’ नावाचे दगडी बांध ब्राँझयुगीन शेतांच्या हद्दी असल्याचे अँड्रू फ्लेमिंग प्रभृतींनी १९७० नंतर केलेल्या अशाच पाहणीतून स्पष्ट झाले.

संरक्षण : नव्या बांधकामासाठी दगड उचलले जाणे आणि यंत्राने जमीन सपाट करणे यांमुळे गडगे नष्ट होतात. दगड हलला की सांध्याचा पुरावा कायमचा जातो; म्हणून नोंद आधी होणे महत्त्वाचे. पाहणीतही दगड उलथू नयेत. सड्यावरील सुट्या दगडांखाली लहान प्राणी आसरा घेतात. २००९ मध्ये वर्णिलेला आंबोली भेक याच परिसरातील आहे. कोरड्या दगडी रचनेच्या कलेचा यूनेस्कोने २०१८ मध्ये आठ यूरोपीय देशांच्या प्रस्तावावरून अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.