संगणक आणि दूरध्वनी यांच्या सीमेवर

वास्को किंवा मडगावहून रेल्वेने मुंबईस गेलेल्या जुन्या पिढीतील प्रवाशांना मिरज स्थानक चांगले आठवत असेल. गोव्याकडून येणारा लोहमार्ग एक मीटर रुंदीचा. १९७१ नंतर मिरजेहून पुण्याकडे जाणारा मार्ग मात्र १६७६ मिलिमीटर रुंदीचा. दोन्हीकडचे रूळ पोलादी, दोन्हीकडची इंजिने धडधाकट. तरीही डबा पुढे जात नसे. वळकट्या, ट्रंका आणि मुलेबाळे घेऊन गाडी बदलावी लागे. मालाचे हाल तर याहून अधिक. एका वाघिणीतील पोते उतरवून दुसरीत चढवणे भाग पडे. पुढे १९९० च्या दशकात गोव्यातील मार्ग रुंद झाला, जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि आज पेडण्यातच गाडीत बसता येते. दोन उत्तम यंत्रणा केवळ सांध्यापाशी जुळत नाहीत म्हणून निरुपयोगी ठराव्यात, ही गोष्ट रेल्वेपुरतीच मर्यादित नाही. संगणकाला दूरसंचाराच्या उपकरणाशी जोडताना नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता.

संगणकाची भाषा शून्य आणि एक यांची. विद्युतदाब या बाजूला की त्या बाजूला, एवढेच त्याला कळते. दूरध्वनीची तार मात्र माणसाच्या आवाजासाठी आखलेली. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने एवढाच पट्टा तिच्यातून नीट वाहतो. तारेवर एरवी एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टचा दाब असतो आणि घंटा वाजवताना त्याहून पुष्कळ अधिक. अशा तारेला संगणक थेट जोडणे शक्य नव्हते. मध्ये मोडेम नावाचा दुभाषी बसवावा लागे. तो संगणकाच्या संकेतांचे सुरांत रूपांतर करी आणि पलीकडचा मोडेम त्या सुरांचे पुन्हा संकेत करी.

येथवर सारे पदार्थविज्ञान झाले. खरी अडचण मालकीची होती. संगणक ग्राहकाचा, तार दूरध्वनी खात्याची. अमेरिकेत १९६८ च्या कार्टरफोन निर्णयापर्यंत परके उपकरण तारेला जोडण्यास दूरध्वनी कंपनीचा मज्जाव असे. मोडेमही तिचाच घ्यावा लागे. मग ग्राहकाचे यंत्र कोठे संपते आणि कंपनीचे कोठे सुरू होते? ही हद्द आखण्यासाठी अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० साली आरएस-२३२ हे मानक प्रसिद्ध केले. त्याची १९६९ ची ‘सी’ आवृत्ती पुढे जगभर रूढ झाली. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय समितीने तेच काम दोन दस्तऐवजांत वाटले: कोणत्या तारेचे काय काम ते व्ही.२४ मध्ये आणि विद्युतदाब किती ते व्ही.२८ मध्ये. जोडाचा आकार ठरवण्याचे काम तिसऱ्याच संस्थेकडे, आयएसओकडे गेले. एका लहानशा जोडासाठी तीन दप्तरे उघडावी लागत, हे पाहून आपल्या सरकारी कचेऱ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या मानकाने ठरवले तरी काय? पहिली गोष्ट आकाराची. इंग्रजी डी अक्षरासारख्या चौकटीत पंचवीस पिना बसवल्या. चौकटच तिरकी असल्याने जोड उलटा बसू शकत नाही. दुसरी गोष्ट दाबाची. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे ‘एक’. अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ‘शून्य’. मधल्या सहा व्होल्टच्या पट्ट्याला अर्थच नाही. पाठवणाऱ्याने निदान पाच व्होल्ट द्यावेत आणि घेणाऱ्याने तीन पुरेसे मानावेत, म्हणजे वाटेत दोन व्होल्टची गळती किंवा गोंगाट झाला तरी निरोप बिघडत नाही. शेतकरी बांधालगत थोडी जागा मोकळी सोडतो, तसाच हा प्रकार.

मला सर्वांत मोलाची वाटते ती यानंतरची गोष्ट, ती म्हणजे शिष्टाचार. माहिती वाहून नेणाऱ्या तारा अवघ्या दोन, क्रमांक २ आणि ३. उरलेल्यांपैकी बऱ्याच तारा केवळ एकमेकांची विचारपूस करण्यासाठी आहेत. सहाव्या तारेवर मोडेम सांगतो, ‘मी जागा आहे.’ विसाव्या तारेवर संगणक उत्तर देतो, ‘मीही तयार आहे.’ बाविसाव्या तारेवर मोडेम कळवतो की घंटा वाजते आहे. आठव्या तारेवरून कळते की पलीकडच्या मोडेमचा सूर ऐकू येऊ लागला. मग चौथ्या तारेवर संगणक बोलण्याची परवानगी मागतो, पाचव्या तारेवर ती मिळते, आणि त्यानंतरच पहिले अक्षर निघते.

हा शिष्टाचार वायफळ समजून तीनच तारांची स्वस्त केबल करणारे पुष्कळ होते. अक्षरे जात, येत, म्हणून कोणास संशय येत नसे. एका कार्यालयातील प्रकार मी स्वतः पाहिला आहे. संध्याकाळी संगणक मध्येच अडकला. विसावी तार असती तर संगणक गप्प झाल्याचे मोडेमला कळून त्याने दूरध्वनी खाली ठेवला असता. ती तार नव्हती. पलीकडचे यंत्रही ओळ धरून बसले. सकाळी कर्मचारी आले तेव्हा एसटीडी चालूच होता. त्या महिन्याच्या बिलात दहा रुपयांच्या तारेची किंमत सर्वांना उमगली.

दुसरा घोळ नावांचा. दुसऱ्या तारेचे नाव ‘पाठवण्याची’, तिसरीचे ‘घेण्याची’. परंतु ही नावे संगणकाच्या बाजूने दिलेली आहेत. मोडेम दुसऱ्या तारेवर ऐकतो आणि तिसरीवर बोलतो. त्यामुळे दोन संगणक मोडेमवाचून सरळ जोडले, तर दोघेही दुसऱ्या तारेवर बोलतात आणि दोघेही तिसरीवर कान लावून बसतात! त्यासाठी दोन्ही तारांची फुली मारलेली केबल लागते. त्यात भर म्हणून १९८४ च्या आयबीएम एटी संगणकावर नऊ पिनांचा छोटा जोड आला आणि त्यात संगणकाची पाठवण्याची तार तिसरी, घेण्याची दुसरी झाली.

आपल्या देशात या जोडांनी केलेले काम थोडे नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पात मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी आणि पवई येथील आयआयटी या संस्था १९८७ साली साध्या दूरध्वनीवरून, मोडेमच्या साहाय्याने जोडल्या गेल्या. १९८९ मध्ये एनसीएसटीची अमेरिकेशी कायमची जोडणी झाली, तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. सामान्य ग्राहकास १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट खुले केले, तेही मोडेमवाटेच. खेड्यांसाठी मात्र आधी एक्स्चेंज सुधारणे आवश्यक होते. सी-डॉटने तयार केलेले १२८ ओळींचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली प्रथम बसले ते आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे. एक्स्चेंज उत्तम असले तरी पावसाचे काय करणार? जून लागला की तांब्याच्या तारांच्या सांध्यांत पाणी शिरे, खरखर वाढे, आणि मोडेम आपला वेग उतरवत उतरवत शेवटी मौन धरी.

आरएस-२३२ ला मर्यादा होत्याच. केबल सुमारे पन्नास फुटांची, वेग सेकंदाला वीस हजार बिटांचा. म्हणून १९७७ मध्ये आरएस-४४९ हे सरस मानक आणले गेले. त्याला ३७ पिना, आणि काही कामांसाठी आणखी नऊ पिनांचा वेगळा जोड. तांत्रिक गुण होते, पण बाजारात त्याचा टिकाव लागला नाही. जगभर लक्षावधी यंत्रांवर जुना जोड बसलेला असताना, शेजाऱ्याकडे नसलेला जोड कोण विकत घेणार? वेगाची खरी निकड भाड्याच्या कायम ओळींवर होती. तेथे व्ही.३५ चा चौतीस पिनांचा जाडजूड जोड रुजला. चौसष्ट हजार बिटांच्या ओळींवर अनेक वर्षे तोच दिसे. गंमत अशी की, जिनिव्हाच्या समितीने व्ही.३५ ही शिफारस १९८८ मध्ये रद्द केली होती. जोडांना ते कोणी कळवले नसावे.

१९९६ मध्ये यूएसबी आली आणि पुढे घरगुती संगणकांवरून नऊ पिनांचा जोड नाहीसा झाला. आता घरापर्यंत काचतंतू येतो, भिंतीवरच्या पेटीतून आठ तारांची ईथरनेट केबल निघते. हद्द त्या पेटीपाशी सरकली आहे, एवढेच. ‘नेट बंद आहे’ म्हटल्यावर दोष पेटीच्या अलीकडे की पलीकडे, हा वाद तसाच चालू आहे. युरोपीय संघाने मोबाइलसारख्या उपकरणांसाठी यूएसबी-सी हा एकच जोड २८ डिसेंबर २०२४ पासून बंधनकारक केला. प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या तारेत ग्राहक अडकू नये, हा त्यामागील हेतू.

जुना जोड अजूनही भेटतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांवर, यूपीएसच्या पाठीमागे, प्रयोगशाळेतील मोजमापाच्या उपकरणांवर, कारखान्यांतील यंत्रांवर. शाळेच्या कपाटातून असे एखादे उपकरण निघाले आणि त्याचे माहितीपत्रक हरवले असेल, तर निराश होण्याचे कारण नाही. विश्रांतीत असलेली पाठवण्याची तार नेहमी ‘एक’ दर्शवते, म्हणजेच तिच्यावर उणे दाब असतो. उपकरण चालू करून मल्टिमीटरची काळी तार नऊ पिनांतील पाचव्या पिनेला लावावी आणि तांबडी आधी तिसरीला, मग दुसरीला. तिसऱ्या पिनेवर उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या आसपास दिसले तर ते उपकरण संगणकाच्या रीतीने बोलते. त्याला संगणकाशी जोडण्यास फुलीची केबल लागेल. दुसऱ्या पिनेवर दिसले तर ते मोडेमच्या रीतीचे, आणि सरळ केबल पुरेशी आहे.