कामुरोचो इंग्रजीत कसं पोचलं

तोक्योच्या शिंजुकू भागात काबुकिचो नावाची वस्ती आहे. बार, कॅराओके, पचिंकोची दुकानं, होस्टेस क्लब आणि रात्रभर न विझणाऱ्या पाट्या. सेगा कंपनीनं ही वस्ती एका व्हिडिओ गेममध्ये जवळजवळ गल्लीबरहुकूम उभी केली, फक्त नाव बदलून ‘कामुरोचो’ ठेवलं. ‘र्‍यू गा गोतोकु’, म्हणजे ‘ड्रॅगनसारखा’, हा तो गेम. ८ डिसेंबर २००५ रोजी तो जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर आला. निर्माते तोशिहिरो नागोशी यांनी तो प्रौढ जपानी पुरुष डोळ्यांसमोर ठेवून आखला होता. परदेशी ग्राहकाचा विचार त्या आखणीत नव्हता. कथानकावर हासे सेइशू या गुन्हेगारी कादंबरीकाराची देखरेख होती. काबुकिचोतच घडणारी ‘फुयाजो’ ही त्यांची कादंबरी जपानी वाचकांना आधीपासून ठाऊक होती.

कथा अशी: काझुमा किर्यू हा तोजो टोळीतला तरुण याकुझा, म्हणजे जपानी संघटित गुन्हेगारी टोळीचा सदस्य. १९९५ साली टोळीतल्या एका बड्या म्होरक्याचा खून होतो. तो केलेला असतो किर्यूच्या जिवलग मित्रानं, पण किर्यू गुन्हा अंगावर घेतो. दहा वर्षांनी तो तुरुंगातून सुटतो तेव्हा टोळीचे १० अब्ज येन गायब झालेले असतात आणि त्या प्रकरणाचा धागा हारुका नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीपाशी जातो. मारामाऱ्या भरपूर. पण या मालिकेची खरी ओळख आहे ती उपकथांमुळे. मुख्य कथा बाजूला ठेवून किर्यू रस्त्यावर भेटणाऱ्या कुणाच्याही भानगडीत पडतो. कुणाचा हरवलेला गेम शोधून देतो, तर कुणा लाजऱ्या बाईला तिच्या धंद्यासाठी लागणारा आवाज चढवायला शिकवतो. पाठीवर ड्रॅगन गोंदवलेला हा माणूस हे सगळं कमालीच्या गांभीर्यानं करतो आणि त्यातूनच विनोद घडतो.

असा गेम अमेरिकी आणि युरोपीय खेळाडूपर्यंत न्यायचा म्हणजे नेमकं काय न्यायचं? या प्रश्नाचं उत्तर सेगानं गेल्या वीस वर्षांत अनेकदा बदललं. भाषांतराच्या व्यवहारात रस असलेल्या कुणालाही हा प्रवास बारकाईनं पाहण्यासारखा वाटेल असं मला वाटतं.

पहिलं उत्तर सप्टेंबर २००६ मध्ये आलं. गेमचं नाव झालं थेट ‘याकुझा’. जपानी आवाज पूर्ण काढून टाकले आणि हॉलिवूडची ओळखीची मंडळी बोलावली. माजिमा या एकाक्ष, विक्षिप्त गुंडाला मार्क हॅमिलनं आवाज दिला, शिमानो या टोळीच्या म्होरक्याला मायकेल मॅडसननं. एलायझा दुश्कू आणि रेचल ली कुक याही होत्या. संवाद शिव्यांनी गच्च भरले. अमेरिकी माफियापटाची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे लोक ओळखीचे वाटावेत, हा हेतू स्पष्ट दिसतो. पण जपानी ऐकायची सोयच ठेवली नव्हती आणि गेम अपेक्षेइतका चालला नाही.

शिव्यांच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं. जपानीत माणसाचा अपमान करायला शिवीची फारशी गरज नसते. ‘तू’साठी कोणता शब्द वापरला, क्रियापद आदराचं की उर्मट, नावापुढे आदराचं ‘सान’ लावलं की गाळलं, एवढ्यावर माणूस पेटतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘अहो’वरून ‘अरे’वर आलेला एक शब्द आपल्याकडेही भांडणाला पुरतो. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये ही पायरीच नाही. मग भाषांतरकार तो उर्मटपणा दुसरीकडून भरून काढतो, आणि २००६ साली तो शिव्यांनी भरला गेला. भावना साधारण तीच राहिली, पण पात्रांमधला क्रम पुसला गेला. याकुझाच्या गोष्टीत तर क्रम हाच कथेचा कणा आहे. साकेच्या प्याल्यांची देवाणघेवाण करून दोन माणसं बाप-लेक किंवा भाऊ-भाऊ होतात. टोळीप्रमुख ‘ओयाजी’, म्हणजे बाप. वरचा सोबती ‘आनिकी’, म्हणजे थोरला भाऊ. आपल्या मुंबईतल्या टोळ्यांनीही ‘दादा’ आणि ‘भाई’ घरातूनच उचलले, म्हणून आपल्याला हे नातं चटकन कळतं. इंग्रजी संघानं पुढे यातल्या पदांसाठी ठरावीक शब्द पक्के केले: टोळीच्या शाखेचा प्रमुख तो ‘पॅट्रिआर्क’, त्याच्या हाताखालचा ‘कॅप्टन’, त्याखाली ‘लेफ्टनंट’. लष्करी वास येतो खरा, पण कोण कुणापुढे वाकतो हे वाचणाऱ्याला लगेच समजतं. ‘याकुझा झिरो’ची सगळी चढाओढ तीन लेफ्टनंटांमध्ये कॅप्टनच्या एका खुर्चीसाठी आहे. हा क्रम कळला नाही तर ती कथा कळतच नाही.

दुसरा भाग जपानमध्ये डिसेंबर २००६ मध्ये आला आणि अमेरिकेत सप्टेंबर २००८ मध्ये. तोवर प्लेस्टेशन ३ बाजारात रुळलं होतं आणि हा गेम जुन्या यंत्रासाठीचा होता. डबिंगचा खर्च टाळून या वेळी जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स एवढंच दिलं. निर्णयामागे पैशाचं कारण असणार, पण फायदा खेळाडूंचा झाला. किर्यूसाठी ताकाया कुरोदाचा खर्जातला आवाज पाश्चात्त्यांनी पहिल्यांदा ऐकला आणि तिथून पुढे बरीच वर्षं ही मालिका सबटायटल्सवरच चालली.

मग आला मार्च २०१० आणि ‘याकुझा ३’. या मालिकेच्या इंग्रजी प्रवासातला हा सगळ्यात वाईट निर्णय, असं मी ठामपणे म्हणेन. जपानी आवृत्तीतला बराच ऐवज कापला गेला. होस्टेस क्लब गेले, माजोंग आणि शोगी हे बैठे खेळ गेले, जपानी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा गेली आणि कितीतरी उपकथा गेल्या. वेळ कमी होता आणि हा भाग पाश्चात्त्य खेळाडूला पटणार नाही, असा कंपनीचा खुलासा होता. प्रश्नमंजूषेचं एक वेळ समजू शकतं. जपानी शाळेत न शिकलेल्या माणसानं ती सोडवायची कशी? पण होस्टेस क्लब? तिथे बाई गिऱ्हाइकाशेजारी बसते, पेला भरते, त्याचं ऐकून घेते आणि त्या गप्पांचे पैसे होतात. एकाकी शहरी पुरुषाबद्दल हा गेम जे बोलू पाहतो त्यातला मोठा भाग या टेबलांवरच बोलला जातो. तो कापला की उरतात मारामाऱ्या, आणि मारामाऱ्यांचे गेम अमेरिकेत आधीच ढीगभर होते. ज्यांनी हा गेम विकत घेतला ते जपानी जगण्याच्या ओढीनंच आले होते. त्यांच्याच ताटातलं जपान काढून घेतलं गेलं. ओरड झाली आणि ती ऐकली गेली: मार्च २०११ मध्ये आलेल्या चौथ्या भागात होस्टेस क्लब जागेवर होते.

त्यानंतरचा काळ दुष्काळाचा. पाचवा भाग जपानमध्ये डिसेंबर २०१२ मध्ये आला. तोक्यो, ओसाका, नागोया, साप्पोरो आणि फुकुओका अशा पाच शहरांतला अवाढव्य पसारा, आणि इंग्रजीचं नाव नाही. चाहते सोनीच्या मागे लागले. सोनीतल्या मंडळींनी मध्यस्थी केली, डिसेंबर २०१४ मध्ये घोषणा झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये गेम इंग्रजीत आला, तोही फक्त डाउनलोडच्या रूपात. तलवारबाज मियामोतो मुसाशीच्या काळात घडणारा, याच मालिकेतला २००८ चा ‘केनझान’ मात्र आजतागायत इंग्रजीत आलेला नाही.

पारडं फिरवलं ते जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या ‘याकुझा झिरो’नं. मालिकेच्या आधीची ही कथा डिसेंबर १९८८ मध्ये सुरू होते. शोवा युगाचे शेवटचे दिवस. जपानी जमिनीचे भाव आकाशाला भिडलेले आणि कामुरोचोतल्या एका चिमुकल्या मोकळ्या जागेसाठी टोळ्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. गुंडाला ठोसा मारला की त्याच्या अंगातून नोटा उडतात. पेजर, डिस्को आणि टेलिफोन क्लब या सगळ्याचा संदर्भ जपानी आहे, आणि या वेळी काहीही कापलं नाही. सेगा ऑफ अमेरिकेत या मालिकेच्या इंग्रजीकरणाची धुरा तेव्हा स्कॉट स्ट्रिचार्ट यांच्याकडे होती. त्यांच्या संघानं दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. जपानी तपशील जसाच्या तसा ठेवला, आणि इंग्रजी मात्र इंग्रजी लेखकाच्या हातचं वाटेल असं लिहिलं. रस्त्यात आडवा येऊन पैसे लुबाडणाऱ्या धिप्पाड पात्राचं जपानी नाव ‘कात्सुआगे-कुन’. इंग्रजीत तो ‘मिस्टर शेकडाउन’ झाला, म्हणजे लुबाडणूकही राहिली आणि नावातली गंमतही. माजिमा मात्र किर्यूला ‘किर्यू-चान’च म्हणत राहिला, कारण त्या ‘चान’मधली लाडीगोडी आणि धमकी दोन्ही इंग्रजी खेळाडू आता ऐकून ओळखत होता.

हे काम कुठल्या अडचणींत चालतं तेही सांगायला हवं. गेमचा मजकूर भाषांतरकाराच्या हाती सलग गोष्ट म्हणून येत नाही. तो तक्त्यांत, ओळी-ओळींनी तुटून येतो. कोण कुणाला बोलतंय, चिडून की लाडानं, हे कित्येकदा ओळीवरून कळत नाही. जपानीत कर्ता गाळायची मुभा असल्यामुळे ‘गेला’ की ‘गेली’ हेही कधी ताडावं लागतं. वर सबटायटलला जागा दोन ओळींची, आणि पात्राचं बोलणं संपायच्या आत ते वाचून व्हायला हवं. नंतर परीक्षक पूर्ण गेम खेळून चुका टिपतात. डबिंग असेल तर ओठांची हालचालही सांभाळावी लागते, आणि त्यापायी शब्द मुळापासून सरकतात.

याच शेवटच्या अडचणीवर जून २०१९ मध्ये पाश्चात्त्य बाजारात आलेल्या ‘जजमेंट’नं नामी तोड काढली. कामुरोचो तेच, पण नायक याकुझा नाही. तो वकिली सोडून गुप्तहेर झालेला यागामी आहे, आणि त्याला रूप आणि आवाज ताकुया किमुरा या जपानी ताऱ्याचं. जपानी फौजदारी खटल्यांत शिक्षेचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर असतं. त्यामुळे यागामीनं एकदा मिळवलेली निर्दोष मुक्तता ही केवढी मोठी गोष्ट, हे परदेशी खेळाडूला कथेच्या ओघातच कळायला हवं होतं. इथे सेगानं इंग्रजी डबिंग परत आणलं आणि सबटायटल्सचे दोन वेगळे संच लिहिले. इंग्रजी आवाज ऐकणाऱ्यासाठी डबिंगशी जुळणारा एक, आणि जपानी ऐकणाऱ्यासाठी मुळाला धरून असलेला दुसरा. शिवाय फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि स्पॅनिशही आलं. दुप्पट लेखन म्हणजे दुप्पट खर्च. खेळाडूच्या कानाचा इतका मान ठेवल्याचं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं आहे.

याच गेमवर एक वेगळंच संकट ओढवलं. हामुरा या पात्राची भूमिका करणारे पिएर ताकी यांना मार्च २०१९ मध्ये कोकेन प्रकरणी अटक झाली. जपानमध्ये विक्री थांबली आणि त्या पात्राचा चेहरा नि आवाज बदलून गेम पाश्चात्त्यांकडे गेला.

त्याच वर्षी तिसरा भाग नव्यानं भाषांतरित होऊन परत आला आणि २०१० मध्ये कापलेला बराचसा ऐवज परत मिळाला. ट्रान्सजेंडर पात्राची टिंगल करणारा मजकूर मात्र काढून टाकला गेला. मला हे योग्य वाटतं. ‘तुम्हाला कळणार नाही’ म्हणून कापणं आणि ‘आम्हालाच हे आता पटत नाही’ म्हणून काढणं, यांत मोठा फरक आहे.

२०२० साली नवा नायक आला, इचिबान कासुगा. या कथेत याकुझांचं जगच मावळतं. जपानमध्ये टोळीविरोधी कायदा १९९२ पासून लागू आहे, २०११ पर्यंत सर्व प्रांतांत याकुझांना व्यवहारातून दूर ठेवणारे नियम आले आणि टोळी सोडल्यावरही पाच वर्षं बँकेत खातं उघडणं अवघड जातं. ही पाच वर्षांची अट २०२४ च्या ‘इन्फिनिट वेल्थ’ या भागात थेट कथेत येते. २०२३ साली इंग्रजीत आलेल्या ‘इशिन’ या भागात एकोणिसाव्या शतकातल्या राजकीय संज्ञा संवाद चालू असतानाच उलगडून पाहता येतात. समजणार नाही असं वाटलं तर समजावून सांगा, हे शहाणपण तेरा वर्षांनी आलं.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘लॉस्ट जजमेंट’ जगभर एकाच दिवशी आला. आता भाषांतर गेमबरोबरच लिहिलं जातं. २०२२ साली नव्या भागांसाठी इंग्रजीतलं ‘याकुझा’ हे नावही गेलं आणि मूळ नावाचा अर्थ सांगणारं ‘लाइक अ ड्रॅगन’ आलं. जून २०२५ मध्ये ‘याकुझा झिरो’ची नवी आवृत्ती आली. तिच्यात इंग्रजी डबिंग पहिल्यांदाच आहे, आणि जपानी आवाजही कायम आहेत.

पुण्या-मुंबईत जपानी शिकणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत. त्यांतल्या सज्ञान वाचकांना माझं सांगणं आहे: हा गेम मोठ्यांसाठीचा आहे हे लक्षात ठेवून ‘याकुझा झिरो’ जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स लावून खेळा. वही जवळ ठेवा. जिथे ऐकलेलं आणि वाचलेलं वेगळं वाटेल तिथे थांबा, ते लिहून काढा आणि त्याखाली तुमचं मराठी लिहा.