बाळाचे पहिले खेळणे

उद्यमबागेत लेथवर काम करणारे एक गृहस्थ आपल्या नऊ महिन्यांच्या कन्येस घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी हौसेने घरी नेलेला बेअरिंगचा चकचकीत छर्रा तिने तोंडात घातला होता. आजीने तो वेळीच काढला, म्हणून अनर्थ टळला. "मग खेळायला द्यावे तरी काय, डॉक्टर?" या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे थोडक्यात देतो.

नवजात बालकास सुमारे २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचेच नीट दिसते. त्यास पाळण्यावरचे ठळक रंगांचे चिमणाळे पुरेसे असते. ते बाळाच्या हाती येऊ लागताच उतरवावे. चौथ्या महिन्यापासून हलका खुळखुळा, सहाव्यानंतर कापडी चेंडू आणि घरचीच वाटी द्यावी. नवव्याच्या सुमारास वाटीखाली चेंडू लपवावा. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे बाळ त्यातून शिकते. चाकांचा वॉकर मात्र टाळावा. त्याने बाळ लवकर चालत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली.

गोकाकची रंगीत लाकडी फळे सुंदर, परंतु ती शोभेची. कारखान्यात बनलेल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते पाहूनच खरेदी करावी. बटणासारखा सेल गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.

सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावेल अशी वस्तू तीन वर्षांखालील मुलास धोक्याची मानली जाते. हे ऐकून त्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी त्या मापाचे नळकांडे लेथवर कातून आणले. ते आजही माझ्या टेबलावर असते. खेळणे घेऊन येणाऱ्या प्रत्येक पालकास मी त्यातच मोजून दाखवितो.