सहाव्या वर्षाची दाढ



वर्गात एखादे मूल गालाला हात लावून बसले की आम्हां शिक्षकांना पुढचे कळून चुकते. त्या दिवशी त्याचे लक्ष ना वाचनात, ना पाढ्यांत. मागे आमच्या वर्गातील सात वर्षांची एक मुलगी अशीच बसून होती. आईला बोलावले, तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, दुधाचा दात आहे, पडेल आपोआप." पण ती दुधाची दाढ नव्हती. आई मुलीला दवाखान्यात घेऊन गेली तोपर्यंत कीड मुळापर्यंत पोहोचली होती, आणि दाढ काढावी लागली. ती आता पुन्हा येणार नाही.

अशी चूक पुष्कळ घरांत होते. सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या सर्व दातांच्या मागे चार कायमच्या दाढा येतात. त्यांच्यासाठी आधी कोणताही दात पडत नाही, म्हणून त्या आल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यांच्या खोल खाचांत अन्न अडकते आणि तेथे ब्रश नीट पोहोचत नाही.

"दंतवैद्य आम्हांला परवडत नाही," असे पालक म्हणतात. खाजगी दवाखान्याचा खर्च गरीब कुटुंबाला जड जातो, हे खरे. परंतु मॉरिशसमध्ये सरकारी आरोग्यसेवा सर्वांना मोफत आहे आणि तीत दातांचे उपचारही येतात. मग आपण उशिरा का जातो? एक तर दिवसाची मजुरी बुडते. दुसरे म्हणजे, तेथे दात फक्त उपटतात असा समज असतो. वास्तविक कीड लहान असताना ती खरवडून काढता येते आणि दाढ भरता येते. 1980 च्या दशकात टांझानियात एक पद्धत तयार झाली. तीत यंत्राशिवाय, केवळ हातातल्या अवजारांनी कीड काढून ग्लास आयनोमर नावाचे सिमेंट भरतात. हे सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांना जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

मजुरीच्या अडचणीवरही उपाय आहे. 2005 पासून आपल्याकडे वृद्धांना बसप्रवास मोफत आहे. आईबाप कामावर असतील तर आजी-आजोबांनी नातवंडाला न्यावे. सोबत आईबापांची चिठ्ठी द्यावी. शेजारच्या दोन-तीन मुलांनाही बरोबर नेले तर आणखी घरांची सोय होईल. जवळच्या केंद्रात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, हे एकाने विचारून यावे आणि बैठकेत किंवा भजनाच्या वेळी सर्वांना सांगावे.

घरीही थोडे करावे लागेल. दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासावेत. टूथपेस्टवर 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइड लिहिलेले असावे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे. त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी स्वतः हात लावावा. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नये. गणपतीचा मोदक मुलांनी आनंदाने खावा. दातांची नासाडी होते ती रोजच्या गोड चहाने आणि बाटलीतल्या पेयांनी. अशा पेयांतील साखरेवर सरकारने 2013 पासून कर लावला आहे, तो उगाच नव्हे. साखरेसाठी आपल्या पूर्वजांनी उसाच्या मळ्यांत घाम गाळला. आता तिच्यापायी नातवंडांनी दात गमावू नयेत.

तेव्हा आज संध्याकाळी मुलाला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि अगदी मागची दाढ पाहा. तिच्यावर काळा ठिपका किंवा खड्डा दिसला, तर दुखण्याची वाट पाहू नका. याच आठवड्यात दवाखान्यात जा.