आरोपी, निर्दोष, पुन्हा आरोपी

मलकापूर, नांदुरा, शेगाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या या स्टेशनांवरून मुंबईची गाडी पकडणाऱ्यांत रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन टाटा कॅन्सर रुग्णालयात निघालेली माणसं असतात. तोंडाच्या दुखण्यांत कहाणी बहुधा ठरलेली. गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, भाजीतलं तिखट झोंबू लागतं, मग जबडा आखडतो आणि उघड्या तोंडात दोन बोटंही धड जात नाहीत. कारण विचारायची गरज नसते. ते शर्टाच्या खिशात चुन्याच्या डबीशेजारी असतं. मात्र गेल्या दशकभरात तंबाखू-सुपारीच्या जोडीला आणखी एका संशयिताचं नाव घेतलं जाऊ लागलं आहे: तोंडातले जंतू.

तंबाखू-सुपारीविरुद्धची फिर्याद महाराष्ट्रात फार आधी लिहिली गेली. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं आणि 1944 मध्ये तिथल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तोंड आखडवणाऱ्या विकाराचं वर्णन 1953 मध्ये मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी केलं. पुढे फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातली गावं पालथी घालून तब्बल 1,01,761 ग्रामस्थांची तोंडं तपासली. तो अहवाल 1972 चा. एवढ्या माणसांना ‘आ करा’ म्हणणं हे काय काम असेल, याची नुसती कल्पना करून पाहावी.

जंतूंची कथा त्याहून जुनी आणि बरीच वाकडी आहे. डच संशोधक लेव्हेनहूकने 1683 मध्ये दातांवरचं किटण खरवडून भिंगाखाली धरलं, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची जत्राच होती. त्यांच्यावर आरोप ठेवला तो बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने. तोंड हेच शरीरभरच्या रोगांचं उगमस्थान आहे, असं त्याने 1891 मध्ये मांडलं.

पुढची तीस-चाळीस वर्षं अतिरेकाची. सांधे दुखतात, काढा दात. पोट बिघडतं, काढा दात. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्जने या विचाराला वैद्यकीय प्रतिष्ठा दिली, तर न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटनने वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात उपटले आणि दातांनी भागलं नाही तेव्हा टॉन्सिल काढले, मोठ्या आतड्याला हात घातला. कित्येक रुग्ण दगावले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा सगळा डोलारा कोसळला आणि जंतू जवळपास निर्दोष सुटले. एक गुन्हा तेवढा पक्का राहिला: हृदयाची झडप आधीच खराब असेल, तर दात काढताना रक्तात शिरलेले जंतू तिच्यावर घर करतात.

खटला पुन्हा उभा राहिला तो 1989 मध्ये. हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा वाईट असतात, असं फिनलंडच्या डॉक्टरांना आढळलं. नंतर मधुमेह आणि हिरड्यांचा रोग एकमेकांना बळ देतात हे स्पष्ट झालं. हिरडीतल्या जंतूमुळे स्मृतिभ्रंश होतो, या दाव्याला मात्र धक्का बसला. त्या जंतूच्या विकरांना रोखणाऱ्या औषधाची मोठी चाचणी 2021 मध्ये अपयशी ठरली.

कर्करोगाच्या बाबतीत वळण आलं ते जनुकं वाचण्याच्या तंत्रामुळे. जंतू बशीत वाढवून पाहण्याची गरज उरली नाही. गाठीतले परके जीव शोधायचे, तर तिथली जनुकं वाचता येतात. बोस्टन आणि व्हँकुव्हरच्या दोन गटांना असंच मोठ्या आतड्याच्या गाठींत फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम सापडला. शोधनिबंध 2012 चे. हा मूळचा तोंडातला रहिवासी, दोन्ही टोकांना निमुळता, चातीसारखा. दातांच्या किटणात तो आधी आलेल्या आणि मागून येणाऱ्या जंतूंना जोडतो. स्वतःच्या एका प्रथिनाने पेशींना चिकटतो. आतड्यातून यकृतात पसरलेल्या गाठींतही तो सोबत गेलेला 2017 मध्ये दिसला.

तोंडातल्याच कर्करोगात तो काय करतो, हा प्रश्न नवी मुंबईत खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा केंद्राच्या संशोधन संस्थेत डॉ. अमित दत्त यांच्या गटाने हाती घेतला. गाठीच्या जनुकीय माहितीतून जंतू-विषाणू वेगळे काढणारी संगणकप्रणाली त्यांनी आधीच बनवली होती. करोनाच्या काळात तीच त्या विषाणूच्या अभ्यासालाही उपयोगी पडली. जिभेच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात, जिथे एचपीव्ही विषाणू नसतो तिथे, फ्युजोबॅक्टेरियम असलेल्यांमध्ये दाह जास्त आणि जगण्याची शक्यता कमी, असं त्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलं. भारतात तोंडाच्या बहुतेक गाठींत एचपीव्ही नसतोच, म्हणून हे निरीक्षण इथल्या रुग्णांसाठी मोलाचं.

दोनच वर्षांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून नेमकं उलटं आलं. डोकं-मानेच्या कर्करोगात हा जंतू असलेले रुग्ण अधिक जगलेले दिसले आणि प्रयोगशाळेत त्याने 70 ते 99 टक्के कर्कपेशी मारल्या. गाठीची जागा वेगळी, टप्पा वेगळा, रुग्ण वेगळे. तेव्हा दोन्ही निरीक्षणं खरी असू शकतात. ‘जंतूमुळे कॅन्सर’ असा मथळा छापणाऱ्यांची मात्र यात पंचाईत आहे.

या नव्या संशयितामुळे जुना गुन्हेगार सुटत नाही, हेही बजावायला हवं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळायच्या तिथे मिळतातच. आणि तंबाखू व जंतू वेगवेगळे नांदत नाहीत: तोंडातले काही जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि नायट्राइट हाच कर्करोगकारी नायट्रोसमाइन तयार होण्याचा कच्चा माल. दारूतल्या अल्कोहोलचं घातक अॅसिटाल्डिहाइड करणारे जंतूही त्यांच्यात आहेत.

फ्युजोबॅक्टेरियम मारून तोंडाचा कर्करोग बरा करण्याची पद्धत रूढ झालेली नाही. उपचार अजून शस्त्रक्रिया, किरण आणि औषधं हेच. तरी तोंडाला किरण द्यायचे असले, की रुग्णाला आधी दंतवैद्याकडे धाडतात. किटण काढतात, न टिकणारे दात उपटतात आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे देतात, कारण किरणांनंतर दात काढला, तर जबड्याच्या हाडातली जखम नीट न भरण्याचा आणि हाड सडू लागण्याचा धोका असतो.