ताठ अंगाच्या लेकराला धरायचं कसं, बसवायचं कसं

काही लेकरांचं अंग लाकडासारखं ताठ राहतं, काहींचं अगदी सैल पडतं. मान धरायला, बसायला, चालायला फार उशीर होतो. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, म्हणजे मेंदूचा पक्षाघात. तळा तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. एक, हे बरं होतं का? दुसरा, व्यायामासाठी लेकराला रोज अलिबागला कोण नेणार?

पहिला प्रश्न आधी घेऊ. बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर थोड्याच काळात मेंदूला इजा झाली की हा त्रास होतो. बाळ फार लवकर जन्मलं, जन्मताना प्राणवायू कमी पडला, कावीळ खूप वाढली, मेंदूत ताप गेला, अशी कारणं असतात. कित्येकदा नेमकं कारण सापडतही नाही. पण आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालेलं नाही. कुणाची नजर लागली म्हणूनही नाही.

मेंदूतली ती इजा भरून निघत नाही, पण ती वाढतही नाही. वाढतं ते शरीर. हाडं लांब होतात, ताठ स्नायू मात्र त्यांच्याबरोबर पुरेसे वाढत नाहीत. मग टाच जमिनीला टेकत नाही, गुडघे वाकलेलेच राहतात, खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकतो, पाठीचा कणा वाकडा होतो. हे पुढचं नुकसान आपण पुष्कळ कमी करू शकतो. फिजिओथेरपी त्यासाठीच असते.

आता दुसरा प्रश्न. दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट लेकराला अर्धा-पाऊण तास बघतात. उरलेला सगळा दिवस आणि रात्र ते लेकरू घरी असतं. ते कसं झोपतं, कसं बसतं, कडेवर कसं असतं, त्यावर त्याच्या सांध्यांचं पुढचं ठरतं. म्हणून दवाखान्यात जायचं ते लेकराला तपासून घ्यायला आणि आपण शिकून यायला. रोजचं काम घरातच होतं.

घरात काय करता येईल ते पाहू. प्रत्येक लेकरू वेगळं असतं, म्हणून यातलं काय आपल्या लेकराला चालेल ते फिजिओथेरपिस्टला एकदा विचारून घ्या.

कडेवर घेणं : आपली जुनी पद्धत इथे फार उपयोगी आहे. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, तर लेकराला कमरेवर दोन्हीकडे पाय टाकून घ्या. मांड्या फाकतात, ताठपणा कमी होतो. कधी उजव्या, कधी डाव्या कडेवर घ्या. तान्ह्या बाळासारखं आडवं घेतलं, तर मान सावरायची संधीच त्याला मिळत नाही.

झोपवणं : लावणी-कापणीच्या दिवसांत लेकरू दिवसभर झोळीत राहतं. थोडा वेळ झोळी ठीक आहे, दिवसभर नको. जागं असताना छातीखाली गोधडीची छोटी वळकटी ठेवून पालथं घाला आणि समोर खुळखुळा धरा. मान उचलायचा सराव होतो. कुशीवर झोपवून पाठीशी उशी लावली, तर दोन्ही हात समोर येतात आणि खेळता येतं. पालथं असताना जवळ कुणीतरी बसलेलं हवंच.

बसवणं : दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवा. पाठीला आणि खांद्यांना दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. मांड्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल ठेवला, तर पाय फाकलेले राहतात. थोडं मोठं लेकरू ठेंगण्या खुर्चीवर बसवा. पाठ सरळ, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, समोर पाट किंवा स्टूल.

भरवणं : आडवं पाडून कधीही भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. बसतं करून, मान किंचित पुढे ठेवून, थोडं थोडं भरवा.

उभं राहणं आणि चालणं : अंगणात खुंट रोवून त्यांवर लेकराच्या कमरेच्या उंचीवर दोन बांबू समांतर बांधले, की धरून चालायचा सराव होतो. कधी सुरू करायचं, पायाला पट्टा लागेल का, हे फिजिओथेरपिस्ट सांगतील.

एक महत्त्वाचं. आपण लेकराचे हातपाय हलवून देतो, त्यापेक्षा ते स्वतः जे करायचा प्रयत्न करतं त्याने जास्त फरक पडतो. वाटी पकडणं, चेंडूकडे सरकणं, सदऱ्यात हात घालणं, हाच त्याचा व्यायाम. वेळ लागतो, लागू द्या. ताठ सांधा जोर लावून ओढू नका, जोराचं मालीश करू नका. आकडी येत असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा.

उशीर होऊ नये म्हणून खुणा लक्षात ठेवा. चार महिने झाले तरी मुठी सतत आवळलेल्या, पाच महिने झाले तरी मान धरत नाही, नऊ महिने झाले तरी बसत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं. अशा वेळी ‘मुलगे उशिराच चालतात’ म्हणत थांबू नका. आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना दाखवा. माणगावचं उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागचं जिल्हा रुग्णालय इथे पुढची तपासणी होते. मुंबईत हाजीअलीला १९५५ सालापासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. २०१६ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सीची दिव्यांगत्व म्हणून नोंद आहे. प्रमाणपत्र काढलं की एसटीच्या सवलतीसाठी आणि वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो.

अंग साथ देत नाही म्हणजे डोकं चालत नाही, असं समजू नका. मालिनी चिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्था आणि शाळा सुरू केली. मालिनीताई पुढे उच्च शिक्षण घेऊन, एका बोटाने टाइप करत स्वतःचं आत्मचरित्र लिहून मोकळ्या झाल्या. म्हणून लेकराशी बोला, गोष्टी सांगा, अंगणवाडीत आणि शाळेत घाला.

राहिला प्रश्न आईचा. हे सगळं एकटीने करायचं तर तिची कंबर मोडेल. इथे गटाचं काम सुरू होतं. आजीला आणि बाबांनाही कडेवर घ्यायची पद्धत शिकवा. लावणीच्या दिवसांत लेकराजवळ कोण बसेल, त्याच्या पाळ्या लावा. दवाखान्याच्या दिवशी एकीने सोबत जा, म्हणजे दोघी शिकून येतील. कोपऱ्यातली बैठक, अंगणातले बांबू हे गटातल्या चारजणी मिळून एका दुपारी उभं करू शकतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, आपल्या वाडीत असं लेकरू कुणाकडे आहे, आणि त्याच्या आईला कोणत्या दिवशी हात हवा आहे?